मागे डावीकडे, रोज

तो माणूस गॅरेजमध्ये शिरायच्या आधी त्याचा वास शिरला.

मामाच्या गॅरेजमध्ये वासाचं कुणाला काही वाटत नाही. ग्रीस, जळकं रबर, ब्रेकची धूळ, उन्हात वाळत टाकलेले मामाचे मोजे. माझ्या अंगाला तर सात महिने आंबट दुधाचा वास आहे. ठमी वर मामीजवळ असते, दर तीन तासांनी मी जिना चढून तिला पाजून येते, आणि खाली येताना डांगरीच्या खांद्यावर तिने काहीतरी दिलेलं असतंच. पण हा वास निराळा होता. काहीतरी लपवून वरून बाटलीभर अत्तर ओतलं की येतो तसा, गोड आणि गुदमरवणारा. गाडी दारात लागली, तिच्या काचा खाली झाल्या आणि तोच वास दुप्पट झाला.

"सुगंधी साहेब आले," मामा चहात बघत पुटपुटला. मामाने ठेवलेलं नाव कायमचं.

गाडी मात्र देखणी होती. काळी, लांबलचक, महागडी सेडान. आमच्याकडे इंजिन, रंग, काचा यातलं काही होत नाही. आम्ही गाडीचे फक्त पाय बघतो. गाडी किती उंच उभी राहील आणि खड्ड्यातून जाताना आतल्या माणसाचं काय होईल, एवढाच आमचा धंदा. गाडी खाली बसवायला येणारी मंडळी मी लग्नाआधीपासून बघतेय, ती सगळी एकाच साच्यातली असतात. आल्या आल्या चाकाशी उकिडवी बसतात, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घालतात आणि म्हणतात, "मामा, दोनच बोटं राहिली पाहिजेत." मग मोबाइलमधले फोटो दाखवतात.

हा माणूस खाली बसला नाही. गाडीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"कॉइलओव्हर बसवायचेत," तो म्हणाला.

"किती खाली करायचीय?"

"ते तुम्ही ठरवा. कडक किती होते, ते सांगा."

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यात बसवलेले. खालची रिंग फिरवली की गाडी वर-खाली होते, डोक्यावरचं बटण फिरवलं की मऊ-कडक. मी त्याला हे सांगितलं. त्याने पाकिटातून ओला रुमाल काढून बोटं पुसली. आमच्या टेबलाला नुसता हात लागला होता त्याचा.

"मागे बसणाऱ्याला कितपत जाणवेल?" त्याने विचारलं.

"चांगलं किट घेतलंत तर फारसं नाही जाणवणार."

त्याचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत हे उत्तर ऐकून कुणाचा चेहरा पडलेला मी बघितला नव्हता.

"मागे कोण बसतं?" मी विचारलं.

"कुणी नाही." मग जरा थांबून म्हणाला, "कुत्रा असतो."

मामाचा एक नियम आहे. किट सुचवायच्या आधी गाडीतल्या प्रत्येक जागेवर आपण बसून बघायचं. कागदावर काहीही लिहिलेलं असू दे, सीट खरं काय ते सांगते. मी हात पुसले आणि मागचं डावं दार उघडून बसले.

कुरकुर आवाज झाला.

तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. माझ्या अंथरुणात ठमीखाली तसंच प्लास्टिक आहे. फक्त त्यावर मी दुपट्याच्या चार घड्या घालते, तिच्या पाठीला ते गार लागू नये म्हणून. इथे प्लास्टिकवर नुसतं पातळ कव्हर ओढलेलं होतं. पुढच्या दोन सीटच्या मध्ये अत्तराच्या तीन कुप्या चिकटवलेल्या, तिन्हींची तोंडं मागे वळवलेली.

"कुत्र्यासाठी आहे ते," तो बाहेरून म्हणाला. "म्हातारा झालाय. घाण करतो."

सीटमध्ये उजवी-डावी बाजू सारखी नव्हती. डावीकडे एक छोटा खळगा पडला होता, हलकं माणूस खूप दिवस एकाच जागी बसलं की पडतो तसा. डोकं टेकायच्या जागेला पाठदुखीच्या मलमाचा वास होता. आणि फटीत बोट गेलं तर हाताला केसांचा आकडा लागला, त्याला हातभर लांब पांढरा केस.

मी आकडा दाराच्या कप्प्यात ठेवला आणि बाहेर आले. मामाने शिकवलंय, गिऱ्हाइकाच्या गाडीत हात घालायचा, नाक घालायचं नाही.

टेबलावर तीन किटं मांडली. एक अगदी मऊ, खड्ड्यात खोलवर दबणारं. दुसरं मधलं. तिसरं शर्यतीच्या मैदानावरचं; त्यावर गाडी बसवली तर रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा, तेही बुडाला कळेल. त्याने तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"ही रोजची गाडी ना?" मी म्हटलं. "पाठीची वाट लागेल तुमच्या."

"मी पुढे बसतो. पुढे मऊ ठेवता येईल ना? फक्त मागे कडक."

मामाने चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, गाडी आहे की गाढव? मागून लाथा झाडेल ती."

तो ओठ न उघडता हसला. मी मधलं किट पुढे सरकवलं. मला वाटलं, माणूस अडाणी आहे, कुणीतरी मित्राने डोक्यात भरवलंय, आपण नीट समजावून सांगितलं तर ऐकेल. "हे घ्या," मी म्हटलं. "याला चारी पायांना वेगळं बटण आहे. तीस क्लिक. शून्यावर दगड, तिसावर लोणी. आम्ही मऊ लावून देऊ, तुम्हाला नाही आवडलं तर..."

"चारी वेगवेगळे फिरतात?"

"हो."

"घरच्या घरी?"

"मागची दोन तर डिकीतलं अस्तर उचललं की हाताशी येतात. बोटाने फिरतात."

मी त्याला फिरवूनही दाखवलं. मग त्याने फिरवलं. टिक, टिक, टिक, पार शेवटपर्यंत, बटण पुढे जाईना तोपर्यंत. "छान आहे," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्याने बोटं पुसली.

गिऱ्हाइकाला चुकीच्या मालापासून वाचवलं म्हणून त्या दुपारी ठमीला पाजता पाजता मी मामीपुढे फुशारकी मारली होती. आता ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

*

तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला तो टॅक्सीने आला. तो उतरला, बाजूला जाऊन उभा राहिला आणि मोबाइल बघू लागला. टॅक्सीचं मागचं दार उघडं होतं. त्यातून आधी एक काठी आली, मग एक कापडी पिशवी, मग एक छोटंसं पाऊल बाहेर येऊन जमीन शोधू लागलं.

मी धावले. "हात द्या आजी. घाई नको."

"घाई कसली गं. घाई करायला मणके लागतात."

ठमीला उचलायची सवय असल्यामुळे असेल, मला ती फारच हलकी वाटली. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, एका बाजूने सुटलेला. अंगाला साबणाचा वास आणि ओळखीच्या मलमाचा.

"आई, इथे बस. दहा मिनिटं लागतील," तो लांबूनच म्हणाला.

मी तिला मामाच्या खुर्चीत बसवलं. पिशवी तिने मांडीवर घेतली. आत डबा होता. तो खाली ठेवते म्हटलं तर म्हणाली, "नको गं, मांडीवरच बरा. गरम राहतो."

गाडी चार वजनकाट्यांवर उभी होती, प्रत्येक चाकाखाली एक. किट बसवल्यावर रोज जेवढी माणसं बसतात तेवढं वजन आत ठेवून शेवटचं सेटिंग करायचं असतं. माणसं नसली तर आम्ही दहा-दहा किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवतो. त्याने कागदावर लिहून दिलं होतं: चालक, चौऱ्याऐंशी. बाकी सगळ्या रकान्यांत रेघ.

"आजी, तुम्ही बसता का या गाडीत?"

"बसते की. मागे, डावीकडे."

"कधीकधी?"

"रोज. ह्यांना भरवायला जाते ना."

मग तिने सांगितलं. आजोबा दोन वर्षांपासून आजारी म्हाताऱ्यांच्या सेवाकेंद्रात आहेत. कुणाला ओळखत नाहीत, तिलाही नाही. पण दुसऱ्या कुणी घास नेला की दात आवळतात. तिचा हात आला की तोंड उघडतं. "माणूस विसरलाय, पण तोंडाला हात आठवतो म्हणे," ती म्हणाली. "मोठा तालेवार माणूस होता हो. आता अगदी लेकरासारखा आ करतो. हा मला सोडतो आणि कामावर जातो, येताना कुणाबरोबर तरी येते मी. थोडी वाट वाकडी करावी लागते त्याला. पण कधी तोंडातून शब्द काढला नाही. बोलतच नाही तो, लहानपणापासून असाच. मनात सगळं ठेवतो."

"आणि पाठ?"

"दोन मणके दबलेत. डॉक्टर म्हणतात, काही करा, पण दणका बसू देऊ नका." तिने गाडीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हणून तर ह्याने नवीन स्प्रिंगा घातल्या. मला सांगितलं नाही हो, माझं मीच ओळखलं."

माझ्या हातात पेन होतं. मी ते उगाचच उघडलं, बंद केलं. मग त्या माणसाकडे वळून मोठ्याने विचारलं, "साहेब, कुत्र्याचं वजन किती धरू?"

"कुत्रा?" आजी म्हणाली. "कुठला कुत्रा?"

"मागे बसतो ना तुमच्या गाडीत."

"अगं, काहीतरीच काय. ह्याला लहानपणापासून कुत्र्यांची किळस. चाटतात म्हणून. दारातसुद्धा उभं करत नाही तो."

मामा गाडीखाली होता. तिथून पाना पडल्याचा आवाज आला.

"शेजाऱ्यांचा," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

मला त्याच्याकडे बघवेना. आणि आजीकडेही. ती शेजाऱ्यांचा कुत्रा आठवायला लागली होती. कुणाचा बरं, वरच्या मजल्यावरचे आणतात तो का? मी तिला धरून गाडीपाशी नेलं आणि मागच्या डाव्या सीटवर बसवलं. कुरकुर झाली. तिने माझा हात सोडला नाही.

"एकदाच झालं होतं गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "वाटेत दीड तास गाडी अडकली होती, उतरता येईना. एकदाच. तेव्हापासून हे. आवाज आला ना की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"थांबा हं," मी म्हटलं, आणि जिना चढून वर गेले. ठमीचं धुतलेलं जाड दुपटं घेतलं, चार घड्या घातल्या आणि खाली येऊन तिच्या खाली सारलं. कुरकुर थांबली. तो दारातून बघत होता. ज्या नजरेने तो आमच्या टेबलाकडे बघायचा, त्याच नजरेने.

"सेहेचाळीस," मी काट्यावर बघून सांगितलं.

"एवढीच? डब्यासकट?"

"डब्यासकट."

"मग डबा काढलात तर मी उडूनच जाईन," आजी म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

गाडी मी जेमतेम बोटभर खाली घेतली. मागची दोन्ही बटणं चोविसावर ठेवली, पुढची विसावर. मग तिला बसवूनच मागच्या खडबडीत गल्लीतून फेरी मारली. त्या गल्लीला मामा परीक्षा म्हणतो. आरशात बघितलं तर आजीचे डोळे मिटलेले. मी गाडी हळू केली.

"आजी? दुखतंय?"

"अगं, रस्ता कुठे गेला?" ती डोळे न उघडता म्हणाली.

परत आल्यावर त्याने स्वतः पाच मिनिटं गाडी फिरवून बघितली. "फारच मऊ आहे," म्हणाला.

"रोजच्या वजनाला हेच बरोबर आहे."

त्याला आणखी काही म्हणायचं होतं. पण आई मागेच बसली होती, आणि ती त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "किती करतोस रे बाळा." त्याने खांदा झटकला नाही. ती डब्याची पिशवी सावरायला खाली बघेपर्यंत थांबला, मग ओला रुमाल काढला आणि शर्टचा खांदा पुसला.

*

नवीन स्प्रिंग पंधरा दिवसांत थोडी बसते, म्हणून गाडी एकदा पुन्हा बघावी लागते. तो सकाळी आला, सेवाकेंद्राला जायच्या वाटेवरच. मी कौतुकाने मागचं दार उघडलं.

दुपटं नव्हतं. आजी एका हाताने छताजवळचा पट्टा धरून अर्धवट अधांतरी बसली होती, सीटला पाठ लागू नये अशी. तोंड राखेच्या रंगाचं. डबा मांडीवर.

"आजचा शेवटचा दिवस गं माझा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उद्यापासून नाही येत. पाठ संपली माझी. पहिले चार दिवस कसे छान गेले! मग काय झालं कुणास ठाऊक. खड्डा आला की डोळ्यांपुढे काजवे. ह्याने एवढं केलं माझ्यासाठी आणि माझंच हाड दगा देतंय. काल त्याला म्हटलं, बाळा, आता मला नको नेऊस." ती जरा श्वास घ्यायला थांबली. "समजूतदार आहे हो. लगेच बरं म्हणाला."

"आणि आजोबा?"

तिने डब्याचं झाकण उगाचच चाचपलं. "नळी घालतील म्हणे नाकातून."

मी डिकी उघडली. अस्तर उचललं. बटण किती क्लिकवर आहे ते बघायचं तर ते कडक बाजूला शेवटपर्यंत फिरवत न्यायचं आणि मोजायचं. आधी उजवं मोजलं. चोवीस, मी ठेवलं होतं तसं. परत चोविसावर आणलं. मग डाव्याला हात घातला.

फिरेना. एकही क्लिक नाही. ते आधीच शेवटाला टेकलेलं होतं.

मी पुढची दोन्ही बघितली. वीस. वीस. पुन्हा मागे येऊन डावं बघितलं. शून्य. चारातला एकच पाय, ती बसते त्याच कोपऱ्यातला. आणि अस्तराखाली, बटणाच्या अगदी शेजारी, एक वापरलेला ओला रुमाल. बोळा करून खोचलेला.

फिरवल्यावर बोटं पुसली होती त्याने.

ठमीची घाण मी उघड्या हाताने पुसलीय. तिने माझ्या तोंडावर ओकलंय, जेवता जेवता मांडीवर केलंय, आणि मी ते पुसून तसंच पुढे जेवलेय. मला कधी मळमळलं नाही. त्या सुकलेल्या बोळ्याकडे बघून मात्र माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं खारट.

"मामा," मी हाक मारली. "मागचं डावं शून्यावर आहे."

मामाला माणसांचं फारसं काही पडलेलं नसतं. त्याने वाकून बटण बघितलं, पुन्हा बघितलं आणि त्याचा आवाज चढला. "एक पाय दगडाचा आणि तीन रबराचे? ओल्या रस्त्यावर वळणावर असती तर भोवऱ्यासारखी फिरली असती! अरे, गाडीशी असं कोण वागतं?"

"आपोआप झालं असेल," तो माणूस म्हणाला.

"आपोआप सैल होतं साहेब. आपोआप घट्ट होत नाही."

"काय झालं गं?" आजीने काच खाली करून विचारलं.

मी तिच्या दाराशी जाऊन खाली बसले. "आजी, तुमची पाठ होती तशीच आहे. संपली-बिंपली नाही. मागचं एक बटण फिरलं होतं. तुमच्या बाजूचं."

"कसं फिरलं?"

तो चार पावलांवर उभा होता. ओल्या रुमालांचं नवीन पाकीट फोडत होता, आणि ते त्याच्याने फाटत नव्हतं. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं: प्लास्टिक, कुत्रा, रुमालाचा बोळा. आजीने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग त्याच्या हातातल्या पाकिटाकडे, आणि तिथे तिची नजर बराच वेळ राहिली.

"माझाच हात लागला असेल," ती म्हणाली.

"अहो आजी, ते डिकीत..."

"मी मेली वेंधळी. डबा ठेवताना लागला असेल."

डबा तिच्या मांडीवर होता. तो मांडीवरून कधी हलत नाही. तिने खिडकीतून हात काढून माझं मनगट पकडलं. सेहेचाळीस किलोंच्या बाईत एवढा जोर कुठून आला, कळलं नाही. पुढे एक शब्द बोलू नकोस, असं ती ते मनगट दाबून सांगत होती.

 मला वाटलं, आता तरी याला काहीतरी होईल. निदान मान तरी खाली जाईल.

"जपून ठेवत जा गं आई," तो म्हणाला.

मामा त्याच्याकडे बघत राहिला. आजवर मी मामाला चिडलेला, वैतागलेला, कंटाळलेला बघितलाय. त्या दिवशी तो दोन पावलं मागे सरला. गटाराचं झाकण उघडं दिसल्यावर माणूस सरतो तसा.

मी उठले. डावं बटण चोविसावर आणलं, सावकाश, एकेक क्लिक मोजत. मग छोटा पेचकस घेतला आणि चारी बटणं काढून खिशात टाकली.

"हे काय?" तो म्हणाला.

"बटणं दुकानात राहतात. मऊ-कडक करायचं तर गाडी इथे आणायची."

असा काही नियम आमच्याकडे नाही. मी मामाकडे बघितलं नाही. मागून त्याचा आवाज आला, "नवीन नियम आहे. आजपासून."

मग मी गाडीचा कागद काढला. रोजचं वजन या रकान्यात त्याची रेघ होती. तिच्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं: मागे डावीकडे, सेहेचाळीस किलो, रोज. "सेटिंग या वजनावर केलंय," मी म्हटलं. "दर पंधरा दिवसांनी गाडी दाखवायची. दाखवताना हे वजन जागेवर पाहिजे, नाहीतर किटची हमी संपली. सही करा."

"पण आई उद्यापासून येत नाहीये. तीच म्हणाली."

आजीने पट्टा सोडला होता. ती हळूच मागे टेकून बघत होती, पाठ लागते का दुखते. "ही म्हणते ना, पाठीला काही झालं नाही," ती म्हणाली. "मग येते की मी." आणि मग मुलाकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "तुला अडचण तर नाही ना बाळा?"

त्याने तोंड उघडलं. एकच शब्द लागत होता. आहे म्हणाला असता, मला जमत नाही, कंटाळा आलाय, दुसरी काहीतरी सोय करू म्हणाला असता, तर मी त्याला माणसांत धरलं असतं. शपथेवर सांगते. दोन वर्षं रोज वाट वाकडी करणं सोपं नसतं, मला कळतं ते. आजीसुद्धा वाट बघत होती. तिने त्याला जागा करून दिली होती बोलायला.

पण नकार द्यायला तोंड लागतं. त्याच्याकडे फक्त बोटं होती.

"नाही, अडचण कसली," तो म्हणाला आणि सही केली.

मी दुसरं दुपटं आणून तिच्या खाली घातलं. हेही तो फेकून देईल. माझ्याकडे अजून नऊ आहेत. दार लावताना आजीने माझ्या गालाला हात लावला. "तुझं बाळ केवढं गं?" तिने आज पहिल्यांदाच विचारलं. सात महिने, मी म्हटलं. "छान," ती म्हणाली. 

तो स्टिअरिंगवर बसायच्या आधी बोटं पुसत होता. रुमाल त्याने आमच्या उंबऱ्यात टाकला. "कचऱ्याचा डबा तिकडे आहे, साहेब," मामा म्हणाला. त्याला वाकून उचलावा लागला. वाकताना पहिल्यांदाच तो आपल्या गाडीच्या चाकाजवळ आला.

गाडी परीक्षेच्या गल्लीतून गेली. खड्ड्यांवरून जाताना मागच्या काचेत तो पांढरा अंबाडा जरासुद्धा हलला नाही.

सही केलेलं पेन मी फेकून दिलं. हात साबणाने तीनदा धुतले आणि वर गेले. मामीने ठमीला माझ्या मांडीत दिलं, शेजारी तिच्या मऊ खाण्याची वाटी ठेवली. ठमीने आधी माझा खिसा धुंडाळला, एक बटण बाहेर काढलं आणि सरळ तोंडाकडे नेलं.

"शी! शी आहे ते, ठमे. टाक."

"ग्रीस लागलंय का?" मामीने विचारलं.

"ग्रीस असतं तर काही वाटलं नसतं."

घड्याळात अकरा वाजत आले होते. आजी पोहोचली असेल. डबा उघडला असेल. ठमीने वाटीकडे बघून आ केला. मी तिला तसंच मामीजवळ दिलं आणि आणखी एकदा हात धुवायला उठले.